प्लास्टरचा उन्हाळा

कूलरमध्ये नवा वाळा भरला की माझा डावा गुडघा खाजायला लागतो. डॉक्टर म्हणतात, असं काही नसतं. नसेल. मार्च संपत आला की नागपुरात आमच्या नंदनवन भागातल्या गल्लीत घराघरांतून लोखंडी कूलर बाहेर निघतात, मागच्या वर्षीचा काळा पडलेला वाळा फेकला जातो, नव्या वाळ्यावर पाणी पडतं आणि एक ओला, किंचित कडवट वास घरभर पसरतो. घरातले सगळे डोळे मिटून 'वा' म्हणतात. मी गुडघा खाजवते. वरून बघायला गेलं तर तिथे काही नसतं, ना पुरळ, ना डाग. कातडीच्या आत कुठेतरी एक जुना उन्हाळा अडकून बसलाय, एवढंच.

सत्तरचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि महाल भागातल्या एका मंडळाकडून खो-खो खेळत होते. दुखापत झाली असं सांगितलं की लोक डोळ्यांसमोर अंतिम सामना आणतात, शिट्ट्या, टाळ्या, शेवटचं मिनिट. माझ्या नशिबी तेही नव्हतं. साधा सराव होता. संध्याकाळी मैदानावर पाणी नीट शिंपडलं गेलं नव्हतं, एक मुलगी आली नव्हती, म्हणून आमच्या मोहोड सरांनी माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, पाठलाग करणाऱ्यांत बसवलं. बेबी तेव्हा शाळेत होती. माझ्याबरोबर मैदानावर यायची आणि कडेला उभी राहायची.

खो-खोत पाठलाग करणारीला उलटं फिरता येत नाही, पळणारीला येतं. त्यामुळे पळणारीचा सगळा जीव त्या वळण्यात असतो. समोरची अंगावर आली की ऐन वेळी पाय रोवायचा आणि बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे निघून जायचं. त्या दिवशी बेबी माझ्या मागे लागली, मी डावा पाय रोवला, अंग वळलं आणि पाय मातीत तसाच राहिला. आतून काहीतरी टचकन वाजलं. जुनं कापड फाडावं तसा बारीक आवाज. मी बसले. बसले म्हणजे काय, मैदानच वर आलं.

डॉक्टरांनी गुडघा दोन्ही हातांत धरून असा काही हलवला की मी त्यांच्या अंगावर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. पूर्ण नाही. नशीबवान आहेस."

अर्धवट! या शब्दानं मला पुढे जो ताप दिला तो गुडघ्यानंही दिला नसेल. पाय मोडला असता तर लोकांना कळलं असतं. मोडलेलं हाड सगळ्यांना कळतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी प्लास्टरवर टिचकी मारायची आणि विचारायची, "हाड मोडलं काय वं?"

"नाही."

"मंग एवढं मोठं प्लास्टर काहून?"

लिगामेंट म्हणजे काय हे मी पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मग आईनंच उत्तर तयार केलं. आई नरखेडकडची, तिचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. ती दारातच सांगून टाकायची, "गुडघ्यातली दोरी उसवली जी तिची." ते मात्र सगळ्यांना पटायचं. उसवली म्हणजे शिवता येईल, असा काहीसा दिलासा त्यात असावा.

समोरच्या वांदिलेकाकूंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्या रोज दुपारी यायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, "मी तं पहिलेच सांगतलं होतं. पोरीच्या जातीले पळणं कायले पाह्यजे?" आणि मग एक नवा लेप. तुरटी आणि हळद. रक्तचंदन. कुठल्या तरी पाल्याचा रस. प्लास्टरच्या आत लेप जाणार कसा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वरून लावाचा. मुरते तो."

प्लास्टर मांडीपासून घोट्यापर्यंत होतं आणि घर पहिल्या मजल्यावर. खाली तराजू-वजनं विकणाऱ्याचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या, संडास मागच्या अंगणात, आणि मध्ये तो अरुंद लाकडी जिना. सकाळी एकदा मी बसून, घसरत, एकेक पायरी खाली जायची, पुढे आई, मागे बेबी, आणि खालचा दुकानदार भल्या माणसासारखा तेवढा वेळ पाठ करून उभा राहायचा. वर आलं की दिवस संपला. उरलेला सगळा दिवस मी खाटेवर.

नागपूरचा एप्रिल, मग नागपूरचा मे. दहा वाजता रस्ता ओस पडायचा. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, बेबी तिच्यावर तासातासाला पाणी मारायची. बाहेरची वाफ ताटीतून आत येताना गार व्हायची आणि माझ्या उजव्या पायाला लागायची. डावा पाय आपल्या भट्टीत. घाम आत जायचा, बाहेर यायचा नाही. दुपारी दोनच्या सुमारास गुडघ्याच्या मागे एक मुंगी चालायला लागायची. मुंगी नव्हती हे मला कळत होतं, पण ती चालायची. विणायची सुई घालून पाहिली, फुटपट्टी घालून पाहिली, बाबांच्या छत्रीची तार घालून पाहिली. जिथे खाजायचं तिथे काही पोचायचं नाही.

आणि कामं! ज्यांच्या घरात कोणी पाय बांधून बसलेलं नसतं त्यांना उन्हाळ्यात किती बसून करायची कामं असतात याची कल्पना नसते. चिंचोके काढ, लसूण सोल, तांदूळ निवड. आईच्या तोंडात एकच वाक्य, "बसलीच आहे तं..." शेजारच्या बायकाही शिकल्या. शेवयांचं पीठ कुणाच्याही घरी मळलं गेलं तरी परात माझ्या खाटेवर. सरगुंडे वळायचे तेही माझ्याच खाटेवर, काड्यांवर पीठ गुंडाळता गुंडाळता माझ्या बोटांना घट्टे पडले. गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून मला कुरड्यांची राखण करायला बसवलं जायचं. कावळ्यांनाही माझा अंदाज आला होता. मी काठी आपटायची, ते एक पाऊल मागे सरकायचे. मी एकेकाळी मिनिटं न् मिनिटं कुणाच्या हाती न लागणारी पोरगी होते, हे त्या कावळ्यांना कोण सांगणार?

मोहोड सर एकदा घरी आले. चहा घेतला, प्लास्टरकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. ते एका शाळेत कसरत शिकवायचे आणि संध्याकाळी आमचं मंडळ सांभाळायचे. माणूस चांगला, पण त्यांना वाईट बातमी सांगता यायची नाही. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "बेबीले घेतो मी तुह्या जागी. तू बरी होत नाही तोपर्यंत."

बेबी दारात उभी होती. तिच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं.

मला राग येईल असं सगळ्यांना वाटलं. राग आला, पण त्यांना वाटला तो नाही. जागा कुणीतरी घेणारच होतं. राग आला तो बेबीच्या वागण्याचा. ती मैदानावरून आली की खालच्या नळावर पाय घासघासून धुवायची, माझ्या नजरेस माती पडू नये म्हणून. केस विंचरून, तोंड पुसून, देवळातून आल्यासारखी वर यायची. मी विचारायची, "आज काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही. असंच." कोण बाद झालं, कोण आलं नव्हतं, सर कोणावर ओरडले, मला सगळं हवं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तेवढंच मैदान माझ्या वाट्याला आलं असतं. ते ही बया खालच्या नळाला धुऊन टाकायची. शेवटी वांदिलेकाकूंकडूनच कळलं, "तुही बेबी तं कोणाच्या हातालेच लागत नाही म्हणते वं!"

वर तिची ती सेवा. मी पाणी म्हणायच्या आधी पाणी, उशी म्हणायच्या आधी उशी. मला कळत होतं की तिला वाटतंय, हे तिच्यामुळे झालं. ती तसं बोलली नव्हती आणि मीही विषय काढला नव्हता. दोघींच्या मध्ये ते प्लास्टरसारखंच पडून होतं, पांढरं, जड, वरून काही न दिसणारं.

बाबा कचेरीत कारकून होते. त्यांनी मला खेळायला कधी नाही म्हटलं नव्हतं आणि हो असंही म्हटलं नव्हतं. प्लास्टर घातल्यापासून तर ते खोलीत यायचे, पंख्याकडे बघायचे आणि परत जायचे. एका रविवारी भर दुपारी खाज इतकी असह्य झाली की मी प्लास्टर भिंतीवर आपटायला लागले. आई ओरडली, बेबी रडायला लागली. बाबा उठले आणि जिना उतरून खाली गेले. मला वाटलं, वैतागून गेले. थोड्या वेळानं वर आले ते सायकलचा पंप घेऊन.

कुणाला काही न सांगता ते खाली मांडी घालून बसले, पंपाची नळी घोट्याकडच्या फटीतून आत सरकवली आणि दांडा दाबला. आत वारा शिरला. घोट्यापासून पोटरीपर्यंत, पोटरीपासून गुडघ्याच्या मागे, थेट त्या मुंगीपर्यंत. मी डोळे मिटले.

"आणखी?"

"आणखी."

आई दारात येऊन पाहत राहिली. "अव्वो! पोरीत हवा भरून राहिले काय तुम्ही?"

"तू गप राहा. बरं वाटून राहिलं तिला."

ते पंप मारत राहिले. कपाळावरून घाम निथळत होता. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "पुन्हा खेळायचं आहे का?"

"हो."

त्यांनी आणखी थोडी हवा मारली, नळी काढून नीट गुंडाळली आणि उठताना म्हणाले, "मग पाय आपटायचा नाही."

एवढंच. त्या घरात मला खेळायची परवानगी मिळाली ती ही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आपण उडी मारून टेबलावरून खाली उतरू, असं मी मनात कितीदा रंगवलं होतं. करवतीनं कापून दोन टरफलं बाजूला झाली आणि आतून जो पाय निघाला तो माझा नव्हता. सोललेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, खवल्यांनी भरलेला, मांडी वाळून गेलेली. मी त्याला वाकायला सांगितलं. तो वाकला नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता खरं काम सुरू. गुडघा सांभाळायचा असेल तर मांडी भरून यायला हवी."

मग वाळूची पिशवी. बाबांनी कुठल्या तरी बांधकामावरून वाळू आणली, आईनं जुन्या जाड कापडाची पिशवी शिवली, ती घोट्याला बांधायची आणि पाय उचलायचा, धरून ठेवायचा, खाली ठेवायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बाहेर पाऊस आला, रस्त्यावर चिखल झाला, श्रावण लागला, मी आपली पाय उचलतेय. याच्याइतकं कंटाळवाणं काम जगात दुसरं नसेल. दुखणं निदान रोज वेगळं असतं, व्यायाम रोज तोच. आई दर सोमवारी ब्लाउजचं माप घ्यायच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजायची आणि म्हणायची, "आता सारख्याच आहे." मला डोळे होते. टेप तिच्या बोटांत कुठे दुमडलेली असायची ते मला दिसत होतं.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत निघाली, ती बघायला मी जिना उतरत होते. धरायला कुणी नको म्हटलं होतं. मधल्या पायरीवर गुडघा एकदम नाहीसा झाला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तो आहे असं समजून मी भार टाकला आणि तो तिथे नव्हता. कठडा हाती लागला म्हणून पडले नाही, पण रात्रीपर्यंत गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, नवीन काही फाटलेलं नाही. सूज चार-आठ दिवसांत उतरलीही. पण त्या पायरीवर मला जे कळलं ते उतरलं नाही. तोपर्यंत मी गुडघ्यावर फक्त चिडले होते. त्या दिवसापासून त्याला घाबरायला लागले. घरातल्याच माणसानं एकदा फसवलं की पुढे तो पाणी द्यायला आला तरी आपण पेल्यात वाकून बघतो, तसं माझं झालं.

दिवाळीनंतर सरांनी मैदानावर येऊ दिलं. "सरळ पळायचं," ते म्हणाले. "वळायचं नाही."

खो-खोत सरळ पळायचं! भाकरी करायची पण पिठाला हात लावायचा नाही म्हणण्यासारखंच ते. मी कडेकडेनं सरळ पळायची, मुली मधे खेळायच्या. मग हळूहळू सर मला मधे घ्यायला लागले, तर सगळ्या माझ्याशी इतक्या जपून वागायच्या की घरी परत जाऊन शेवया कराव्यात असं वाटे. माझ्या मागे लागलेली मुलगी दोन पावलं हळू व्हायची. कुणी माझ्या अंगावर यायचं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या गुडघ्यावर, जणू तो एखादा देव्हारा आहे आणि मी त्याला उचलून पळतेय. मी कोणाच्या हाती लागत नव्हते आणि त्यात माझं काही नव्हतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्या हिवाळ्यात आमचं मंडळ स्पर्धेला गेलं. पळणाऱ्या तिघींच्या पहिल्या तुकडीत, जिथे आधी मी असायची, तिथे बेबी पळाली. मी राखीव होते, एका सामन्यात शेवटच्या तुकडीत उतरले आणि बरी खेळले. त्यानंतर आणखी दोन हिवाळे खेळले, मग लग्न झालं. बेबी विदर्भाच्या संघापर्यंत गेली. आता ती अमरावतीला असते, तिच्या सुना आल्या, तरी फोन केला की पहिला प्रश्न, "ताई, गुडघा कसा आहे?" मी म्हणते, माझं डोकं दुखतंय, दात पडलाय, साखर वाढलीय, त्यातलं काहीतरी विचार. ती म्हणते, बरं बरं, पण जिना चढू नको हं. माझं घर बैठं आहे.

पण वर्षातून एकदा, या वाळ्याच्या वासानं सगळं पुन्हा वर आलं की मला स्पर्धा आठवत नाही. आठवते ती स्पर्धेच्या आधीची एक सकाळ.

थंडी होती. मैदानावर पाणी मारलेलं, माती गार आणि घट्ट. सरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की पहिल्या तुकडीत आम्हा दोघींपैकी एक जाईल, आज ठरवणार. मी पळणाऱ्यांत, बेबी बसणाऱ्यांत. शिट्टी झाली. थोड्या वेळानं बेबीला खो मिळाला आणि ती माझ्या मागे आली.

मी तिला कोपऱ्यात सापडले होते. हात लांबवला असता तर लागला असता. तिनं लांबवला, आणि मधेच आखडला. मी निसटले. पुन्हा तिला खो मिळाला, पुन्हा मी तिच्या टप्प्यात, पुन्हा तो हात अर्ध्यावर येऊन थांबला. मी पळायची थांबले. मैदानाच्या मधोमध उभी राहिले.

"हात काहून आखडून राहिली?"

"नाही ताई. तू निसटली."

"निसटली? मी? या पायानं?"

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे. त्या सगळ्या वर्षाची चिडचिड, ते अर्धवट, ते लेप, ते कावळे, सगळं एकदम बाहेर आलं. "दया कराची असन तं घरी कर बेबी. पाणी दे, उशी दे. इथं नाही. इथं मले खोटं नाही पाह्यजे."

ती रडायला लागली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती ओरडली. ती माझ्यावर ओरडलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. "तुह्या पायाले पुन्हा काही झालं तं? मागच्या खेपेले बी मीच होती ना मागं!"

शेवटी बोलली एकदाची.

"तू मागं होती म्हणून मी वळली," मी म्हटलं. "मागं कोणीच नसतं तं मी कायले वळली असती? तोच खेळ आहे ना हा?"

बेबीनं बाहीला नाक पुसलं. तिचं नाक लाल झालं होतं, थंडीनं की कशानं कोण जाणे.

"झालं काय तुम्हा बहिणीबहिणींचं?" सर म्हणाले. "चला. पहिल्यापासून."

शिट्टी झाली. या वेळी बेबी उठली ती वेगळीच उठली. ती येताना मला तिचा चेहरा दिसला, त्यात गुडघा कुठेही नव्हता. मी पळाले. बसलेल्या मुलींच्या मधून आत, बाहेर, आत. ती अंगावर आली, आणि मी विचार करायच्या आत डावा पाय मातीत रोवला गेला. अंग वळलं. पाय वळला. दोघं एकत्र, एकाच वेळी, जसे सगळ्यांचे वळतात तसे. बेबी झपाट्यात पुढे निघून गेली. तिनं खांब गाठला, वळसा घेतला, आणि मी दुसऱ्यांदा पाय रोवणार तोच पाठीवर धप्पकन हात बसला. पाचही बोटं उठतील असा.

मी बाद.

मी थांबले, धापा टाकत. गुडघ्याकडे लक्ष दिलं. तो काही म्हणत नव्हता. नुसता होता, जिथे असायला हवा तिथे.

समोर बेबी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी. आणि डोळे, पुन्हा, माझ्या पायावर. तिच्या मागे आमच्या तुकडीतल्या उरलेल्या दोघी पळत होत्या, बसलेल्या मुली माना वळवून खोची वाट बघत होत्या, आणि ही आपली उभी.

"बघतेस काय अशी?" मी ओरडले. "दोघी बाकी आहेत अजून. खो दे!"